घरातल्या अँटेनावर फ्रीव्ह्यू नीट दिसतं का? (लंडन आणि आसपास)

हॅरोकर

हॅरोमधलं भाड्याचं दुमजली घर. छपरावर जुनी अँटेना दिसते, खाली बैठकीच्या खोलीत भिंतीत सॉकेटही आहे, पण टीव्ही जोडला की फ्रीव्ह्यूचं (ब्रिटनमधली अँटेनावरून येणारी फुकट टीव्हीसेवा) एकही चॅनेल सापडत नाही. घरमालकाने छपरावर चढायला मनाई केली आहे. दुकानात दहा पौंडांपासून पन्नास पौंडांपर्यंत घरात ठेवायच्या अँटेना मिळतात. काही सपाट कागदासारख्या, काहींना सशाच्या कानांसारख्या दोन दांड्या. खोक्यांवर '१०० मैल', '४के', '५जी' असं काहीबाही छापलेलं.

तीन प्रश्न आहेत. घरातल्या अँटेनावर डिजिटल चित्र खरंच चांगलं येतं का? महागडी घेतली तर फरक पडतो का? अँप्लिफायरवाली (सिग्नल वाढवणारी) घ्यावी की साधी? बीबीसी, आयटीव्ही, चॅनेल ४ आणि चॅनेल ५ मिळाले तरी भागेल. बाकीची आली तर दुधात साखर.

डेसिबल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: येतं तेव्हा छपरावरच्या अँटेनाइतकंच चांगलं येतं, नाही तर अजिबात येत नाही. अॅनलॉगमध्ये सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, चित्राच्या बाजूला त्याचं भूत दिसायचं, तरी बातम्या ऐकता यायच्या. डिजिटलला तशी सवलत नाही. सिग्नल लागेल त्यापेक्षा एक-दोन डीबीने (डेसिबल, सिग्नलची ताकद मोजायचं माप) जास्त असेल तर चित्र लख्ख. तेवढाच कमी पडला तर चित्राचे चौकोन सुटतात, आवाज चिरकतो आणि पडदा काळा. त्यामुळे 'ठीकठाक दिसतं' ही पायरी जवळजवळ नाहीच.

आता हॅरोचा हिशोब. तुमचा ट्रान्समीटर क्रिस्टल पॅलेस. हवाई अंतर साधारण २५ किलोमीटर, दिशा आग्नेय. मनोरा २१९ मीटरचा, सिडनॅम टेकडीच्या कण्यावर, आणि ताकद २०० किलोवॅट. म्हणजे सिग्नलचा दुष्काळ नाही. प्रश्न तो खोलीपर्यंत किती पोचतो याचा आहे.

छपरावर दहा मीटर उंचीला जे मिळतं त्यातून काय काय वजा होतं ते बघा. दहा मीटरवरून खाली दीड मीटरवर, म्हणजे टीव्हीच्या टेबलावर आलो, की वस्तीच्या भागात साधारण १६ डीबी गेले. समोरची घरं आणि झाडं मध्ये येतात म्हणून. विटांच्या भिंतीतून आत येताना सरासरी ८ डीबी. छपरावरच्या यागी अँटेनाला (एका दिशेला रोखलेली, बऱ्याच काड्यांची) साध्या डायपोलपेक्षा (दोन दांड्यांची सर्वांत साधी अँटेना) १० डीबी जास्त मिळतात, घरातली अँटेना बहुधा डायपोलइतकीच असते, म्हणून आणखी १०. बेरीज ३४ डीबी. पटीत सांगायचं तर छपराच्या अँटेनाकडून येणाऱ्या ताकदीचा अडीच हजारावा भाग.

समजा छपरावरून सॉकेटला ६५ डीबीमायक्रोव्होल्ट (केबलमधल्या सिग्नलचं माप) येतात. ३४ वजा केले की उरले ३१. टीव्हीच्या ट्यूनरला जेमतेम चालायला ३० च्या आसपास लागतात, आणि निर्धास्त बघायचं तर ४५ ते ६५. म्हणजे तळमजल्यावर टीव्हीच्या मागे ठेवलेली अँटेना बरोबर कड्याच्या टोकावर उभी आहे. बाहेरून डबलडेकर गेली की चित्र फुटणार.

हीच अँटेना वरच्या मजल्यावर, मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीत नेली की उंचीचे सात-आठ डीबी परत येतात आणि भिंतीचे पाच-सहा. महागड्या अँटेनामुळे एवढा फरक कधीच पडत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: पैसे अँटेनावर कमी घाला, ती वर खिडकीपर्यंत नेणाऱ्या चांगल्या केबलवर जास्त.

वायरमन

डेसिबल यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्याआधी ती भिंतीतली मेलेली केबल. छपरावर अँटेना आहे, सॉकेट आहे आणि मधेच काहीतरी तुटलंय. ते सापडलं तर हा धागाच संपला. छपरावर चढायची गरज नाही.

सॉकेटची पट्टी दोन स्क्रू काढून बाहेर ओढा. मागे केबलची मधली तार नीट स्क्रूखाली आहे का आणि तिच्याभोवतीच्या तारांच्या जाळीचा एखादा केस वळून मधल्या तारेला टेकला आहे का, ते बघा. निम्म्या वेळा रोग इथेच असतो. मग केबल सॉकेटपासून सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावून मधली तार आणि जाळी यांच्यात मोजा. काही ओहमच्या आत आलं तर एक तर केबल कुठेतरी दबून शॉर्ट झाली आहे, किंवा वरची अँटेना फोल्डेड डायपोलची (दांडीची टोकं वळवून जोडलेली) आहे आणि केबल धडधाकट आहे. पूर्ण उघडं आलं तर केबल तुटलेली, किंवा अँटेनाच्या डबीत कपॅसिटर असल्यामुळे डीसी जात नाही. म्हणून एवढ्या एका मोजणीवर निकाल देऊ नका. माळ्यावर जा. बहुतेक घरांत केबल माळ्यावरून खाली येते, आणि आधीच्या भाडेकरूच्या खोल्यांसाठी लावलेला स्प्लिटर (एका केबलचे फाटे करणारी डबी) किंवा अँप्लिफायर तिथे सापडतो. त्याचा वीजपुरवठा बंद असेल तर खाली काहीच येणार नाही. अशा अँप्लिफायरचा प्लग कुणीतरी काढून तिथे व्हॅक्यूम क्लीनरचा लावलेला असतो, हे इतकं सर्रास आहे की पहिली तपासणी तीच करावी.

केबल तुटलेली सापडली तर पीळ मारून वर चिकटपट्टी, हा आपला देशी उपाय करू नका. दोन्ही टोकांना एफ कनेक्टर (धातूचं पिळायचं टोपण) पिळा आणि मध्ये त्यांना जोडणारी एक नळी, म्हणजे बॅरल, लावा. तीन नग, खर्च दोन-तीन पौंड. उघड्या जोडातून सिग्नल गळतो तसाच घरातल्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा कचरा आत शिरतो. घरमालकाला आधी विचारा हे वेगळं सांगायला नको. पण 'छपरावर चढतो' आणि 'माळ्यावरचा प्लग बघतो' यात बराच फरक आहे.

थेम्सकाठ

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी याला जोडून: इमारतीची सामायिक अँटेना असते. भिंतीवर टीव्ही, सॅटेलाइट, एफएम अशी तीन-चार भोकं असलेली पट्टी दिसली तर घरातली अँटेना विकत घेण्याआधी त्यातलं टीव्हीचं भोक तपासा. बंद असेल तर इमारतीच्या व्यवस्थापनाला कळवा, ती जबाबदारी त्यांची असते.

हॅरोकर

माळ्याचं दार कुलूपबंद आहे, किल्ली घरमालकाकडे. सांगितलंय, बघू कधी येतो ते. तोवर घरातलीच लावायची आहे. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीची खिडकी आग्नेयेला उघडते. पण टीव्ही खाली आहे.

थेम्सकाठ

मग असं करा. आधी टीव्हीच वर न्या, किंवा छोटा टीव्ही असेल तर तो. दहा मीटर केबल ओढण्याआधी तिथे सिग्नल आहे की नाही ते कळायला हवं.

खिडकी कसली आहे ते बघा. जुनी साधी दुहेरी काच असेल तर सिग्नलला ती जवळजवळ नसल्यासारखीच. नव्या घरांत उष्णता आत राखणारी काच असते, तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा धातूचा पातळ थर असतो. तो यूएचएफचे (टीव्हीच्या लहरींचा पट्टा) २० डीबी आणि त्याहून जास्त सहज खातो. अशा घरात काचेपेक्षा शेजारची विटांची भिंत बरी. ओळखायची सोपी रीत: रात्री काचेसमोर पेटती मेणबत्ती धरा. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसलं तर थर आहे. भिंतींच्या आत चंदेरी फॉइल लावलेले इन्सुलेशनचे तक्ते असतील तर खोली म्हणजे डबाच. तिथे कुठलीही अँटेना चालणार नाही.

आता अँटेना. क्रिस्टल पॅलेसचं प्रसारण आडव्या ध्रुवणाचं आहे, म्हणजे लहरी आडव्या डोलतात, म्हणून दांड्या जमिनीला समांतर हव्यात, आकाशाकडे रोखलेल्या नकोत. सशाच्या कानांसारखं V करून ठेवणं ही जुनी सवय इथे नुकसान करते. दांड्यांची रेघ मनोऱ्याच्या दिशेला काटकोनात. तुमचा मनोरा आग्नेयेला, म्हणजे दांड्या ईशान्य-नैऋत्य. दांड्या पूर्ण ओढू नका. क्रिस्टल पॅलेसचे चॅनेल २२ ते ३० (इथे चॅनेल म्हणजे लहरींचा क्रमांक, बीबीसीसारखी वाहिनी नव्हे) म्हणजे ४८२ ते ५४६ मेगाहर्ट्झ. त्याला टोकापासून टोकापर्यंत साधारण २८ सेंटिमीटर पुरतात, प्रत्येक दांडी १४. फुटपट्टी घ्या.

सपाट कागदी अँटेना असेल तर ती काचेवर सपाट चिकटवायची, चौकोनाची लांब बाजू आडवी. आतमध्ये ताम्राच्या पट्ट्यांचा डायपोल किंवा लूपच असतो, जादू काही नाही. आधी ब्लू टॅकने (काढता येणारी चिकट पुट्टी) चिकटवा, कायमची पट्टी नंतर.

मग जागा शोधणं. खोलीत सिग्नल भिंतींवरून उलटतो आणि एकमेकांत मिसळून कुठे दुप्पट होतो, कुठे शून्य. ५०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे चांगल्या जागेपासून वाईट जागा फक्त १५ सेंटिमीटरवर असू शकते. मोठ्या उड्या मारू नका. वीतभर सरकवायचं, हात सोडायचा, दोन पावलं मागे यायचं, आणि मग दहा सेकंद पट्टी बघायची. हात अँटेनाला लागलेला असताना जे आकडे दिसतात ते तुमच्या अंगाचे आहेत, अँटेनाचे नाहीत.

प्रश्नचिन्ह

कुठली पट्टी? माझ्या टीव्हीवर दोन आहेत, 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी'.

डेसिबल

क्वालिटी बघा. स्ट्रेंग्थ म्हणजे ट्यूनरमध्ये एकूण किती ऊर्जा शिरते आहे. त्यात गोंगाटही मोजला जातो. अँप्लिफायर लावला की स्ट्रेंग्थ नव्वदवर जाते आणि चित्र तसंच फुटत राहतं, तेव्हा लोक टीव्हीला शिव्या देतात. क्वालिटी आतल्या चुकांवरून काढलेली असते. ती १०० वर स्थिर हवी. दर काही सेकंदांनी ७०-८० वर येऊन परत जात असेल तर संध्याकाळी रस्ता वाहता झाला की चित्र तुटणार.

आणि ही पट्टी सगळ्या मक्सवर बघा, एकावर नाही. फ्रीव्ह्यूची चॅनेलं सहा गाठोड्यांतून येतात, त्याला मल्टिप्लेक्स, थोडक्यात मक्स, म्हणतात. क्रिस्टल पॅलेसला ती अशी (पीएसबी म्हणजे सार्वजनिक सेवेची, कॉम म्हणजे व्यावसायिक): पीएसबी १ चॅनेल २३ वर, पीएसबी २ चॅनेल २६, पीएसबी ३ चॅनेल ३०, कॉम ४ चॅनेल २५, कॉम ५ चॅनेल २२, कॉम ६ चॅनेल २८. बीबीसीची साधी चॅनेलं २३ वर, आयटीव्ही आणि चॅनेल ४ मंडळी २६ वर, एचडी ३० वर. तुमची गरज या तिघांत भागते.

यात एक मेख आहे. पहिल्या दोन पीएसबीमध्ये चुका दुरुस्त करायला एक तृतीयांश जागा राखलेली असते, कॉममध्ये एक चतुर्थांश. त्यामुळे कॉममध्ये जास्त चॅनेलं कोंबता येतात, पण त्यांना सिग्नल दीड ते अडीच डीबी जास्त स्वच्छ लागतो. छपरावरच्या अँटेनाला हा फरक जाणवतही नाही. घरातल्या अँटेनाला नेमके तेवढेच डीबी कमी पडतात. 'बीबीसी येतं, पण खालची फुटकळ चॅनेलं तुटतात' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच.

प्रश्नचिन्ह

आणि खोक्यावरचं '४के' नि '१०० मैल'?

डेसिबल

अँटेनाला ४के कळत नाही. तिला ४८२ मेगाहर्ट्झ कळतात. फ्रीव्ह्यूवर छपरावरून ४के येतही नाही.

१०० मैलांची गोष्ट आणखी मजेची. क्रिस्टल पॅलेसच्या मनोऱ्याचं टोक समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्या आसपास. तिथून रेडिओचं क्षितिज सपाट जमिनीवर ७५ किलोमीटरवर येतं. १०० मैल म्हणजे १६०. मधली पृथ्वी बाजूला करायची सोय त्या खोक्यात नसते.

'५जी' हा शब्द मात्र कधी कधी खरा असतो: आत मोबाइलचा सिग्नल अडवणारा फिल्टर आहे असा अर्थ. २०२० मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलला देऊन टाकल्यापासून टीव्हीला चॅनेल २१ ते ४८ उरले, वरची हद्द ६९४ मेगाहर्ट्झ. फोन स्वतः ७०३ पासून बोलतो. म्हणून ज्यांचा ट्रान्समीटर ४५-४८ च्या आसपासचे चॅनेल वापरतो त्यांना फिल्टरचा उपयोग आहे. लंडनची सहाही मुख्य मल्टिप्लेक्स ३० पर्यंतच आहेत, इथे तो बहुधा निरुपयोगी. मात्र जुन्या साठ्यातला, ७९० पर्यंतचं सगळं आत घेणारा ४जी फिल्टर आता कुणीच घेऊ नका.

क्रॉयडनवाला

अँप्लिफायरच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आमच्या बाजूचा अनुभव उलटा आहे: क्रॉयडन, पेंज, नॉरवुड ही ठिकाणं मनोऱ्याच्या सावलीत आहेत, पाच-सहा किलोमीटरच्या आत. इथे अँप्लिफायरवाली अँटेना लावली की ट्यूनर गुदमरतो. सगळे मक्स एकमेकांत मिसळून खोटे सिग्नल तयार होतात आणि चॅनेल शोधताना निम्मी गायब. लोक म्हणतात सिग्नल कमी आहे, आणि आणखी मोठा अँप्लिफायर आणतात. इथे उलट ६ किंवा १२ डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावायचा, चार पौंडांत मिळतो. तो लावून चित्र सुधारलं तर रोग जास्त सिग्नलचा होता.

डेसिबल

सहमत. आणि हॅरोसारख्या मध्यम अंतरावरही अँप्लिफायरकडून किती अपेक्षा ठेवायची ते सांगतो. अँटेनाच्या टोकाला सिग्नल आणि गोंगाट यांचं जे गुणोत्तर असतं त्यापेक्षा चांगलं पुढे कुणी करू शकत नाही. टीव्हीचा ट्यूनर स्वतःचा ६ डीबीच्या आसपास गोंगाट घालतो, चांगला अँप्लिफायर दोन-तीन. म्हणजे फायदा झाला तर तीन-चार डीबी, तोही अँप्लिफायर अँटेनाजवळ असेल तर. स्वस्तातल्यांचा गोंगाट टीव्हीएवढाच, तिथे फायदा शून्य. वर खिडकीत अँटेना आणि खाली टीव्ही, मध्ये १५ मीटर केबल आणि एक स्प्लिटर असं असेल तर मात्र अँप्लिफायर हवाच. केबलचे अडीच-तीन आणि दोन फाट्यांच्या स्प्लिटरचे साडेतीन-चार डीबी तो भरून काढतो.

आणखी एक फसवणूक. अँप्लिफायरवाल्या अँटेना बहुतेक वेळा टीव्हीच्या यूएसबीवर चालतात. टीव्ही झोपला की यूएसबी बंद. वेगळा रेकॉर्डर असेल तर रात्रीचं रेकॉर्डिंग काळं निघतं आणि कारण सापडत नाही. वीज नसताना अशा अँटेना सिग्नल पुढे सोडतही नाहीत. वेगळा ५ व्होल्टचा अॅडॅप्टर लावा, पण चांगल्या प्रतीचा. फुटपाथी चार्जर यूएचएफमध्ये स्वतःचंच प्रसारण करतात.

वायरमन

केबलचं बोलू. अँटेनासोबत येणारी बारीक काळी तार एकेरी जाळीची असते. जाळीत एवढ्या फटी की केबलच अँटेना होते. वरून खाली आणायला डब्ल्यूएफ१०० जातीची घ्या: तांब्याचं फॉइल आणि वर तांब्याची जाळी. अॅल्युमिनियमवाली स्वस्त पडते पण स्क्रूखाली दोन वर्षांत काळी होते.

टोकाला टीव्हीचा जाडा पुश प्लग लावायची रीत, कारण निम्मे दोष इथे तयार होतात. बाहेरचं कव्हर दोन सेंटिमीटर सोला. जाळी आणि फॉइल मागे कव्हरवर दुमडा, एकही केस पुढे राहता कामा नये. आतलं पांढरं इन्सुलेशन जाळीच्या पुढे चार-पाच मिलिमीटर ठेवून बाकी सोला. कापताना मधल्या तारेवर चर पडली तर परत सुरू करा, ती तार तिथेच तुटणार. प्लगचं टोपण केबलमध्ये आधीच ओवलंय ना? मग पकड-कडी जाळीवर सरकवा, मधली तार पिनमधून पार बाहेर काढा, पिनच्या टोकाला सोल्डरचा एक थेंब आणि उरलेली तार कापा. सोल्डर न करता नुसती तार पिनमध्ये ठेवली तर सहा महिन्यांनी प्लग हलवला की चित्र येतं-जातं, आणि लोक अँटेना बदलतात.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत चित्र वेगळं आहे, कुणी तिकडून इकडे येणार असेल तर कामाला येईल. न्यूयॉर्कमध्ये सगळं यूएचएफवर नाही. डब्ल्यूएबीसी (एबीसीचं तिथलं केंद्र) चॅनेल ७ वर, डब्ल्यूपीआयएक्स ११ वर, डब्ल्यूएनईटी १२ वर, म्हणजे १७४ मेगाहर्ट्झपासून पुढचा, यूएचएफच्या खालचा व्हीएचएफ पट्टा. चॅनेल ७ ला डायपोल टोकापासून टोकापर्यंत ८० सेंटिमीटरचा लागतो. फूटभर कागदी अँटेना तिथे हात टेकते. एडिसनहून वन वर्ल्ड ट्रेड सेंटर ईशान्येला साधारण २५ मैल. यूएचएफची चॅनेलं खिडकीतून सरळ येतात, आणि एबीसीवर येऊन घोडं अडतं. जुने सशाचे कान इथे कागदी अँटेनाला भारी पडतात: दोन्ही दांड्या आडव्या, प्रत्येकी ४० सेंटिमीटर. एलईडी दिव्यांचा त्रासही व्हीएचएफला जास्त. घरातले दिवे एकेक करून बंद करून बघा.

सदाशिवपेठी

धागा मस्त. आई-वडील पुण्यात असतात. त्यांच्या टीव्हीला अशी घरातली अँटेना लावून फुकटची चॅनेलं येतील का?

थेम्सकाठ

फ्रीव्ह्यूसारखी सोय तिकडे समजू नका. दूरदर्शनने जमिनीवरचे अॅनलॉग ट्रान्समीटर जवळजवळ सगळे बंद केले आहेत. २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ (डिजिटल प्रसारणाची नवी पद्धत) सुरू झालं, त्यावर दूरदर्शनची मोजकीच चॅनेलं. फुकटात भरपूर हवं असेल तर डीडी फ्री डिश, पण ते उपग्रहावरून येतं. त्याला साठ सेंटिमीटरची छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) आणि आग्नेयेला ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे मोकळं आकाश लागतं. ते गच्चीचं किंवा बाल्कनीचं काम, घरातलं नव्हे.

हॅरोकर

सगळ्यांचे आभार. घरमालक अजून आलेला नाही. साधी, अँप्लिफायर नसलेली दोन दांड्यांची अँटेना आणली, बारा पौंड. खाली टीव्हीशेजारी: फक्त २३ सापडला, क्वालिटी ४० ते ६०. वर आग्नेयेच्या खिडकीत, दांड्या १४-१४ सेंटिमीटर, आडव्या: पाच मक्स, २२, २३, २५, २६ आणि ३०, क्वालिटी १००. चॅनेल २८ वर ३० ते ९० मध्ये नाचते. आणि एक विचित्र प्रकार: चॅनेलांच्या यादीत ८०० च्या पुढे बीबीसी वन पुन्हा दिसतं, पण प्रादेशिक बातम्या लंडनच्या नव्हेत, दक्षिण इंग्लंडच्या.

थेम्सकाठ

विचित्र नाही. आपोआप शोध घेताना टीव्हीला ऑक्सफर्डचा ट्रान्समीटरही ऐकू आला आणि त्याने दुसरी प्रत मागे ठेवून दिली. आता ऐकू येतो म्हणून उद्या येईलच असं नाही, आणि काही टीव्ही उलट चुकीचीच प्रत पहिल्या नंबरावर बसवतात. साफ करायची रीत: केबल काढा, केबलविना पूर्ण शोध चालवा, शून्य चॅनेल सापडतील आणि जुनी यादी पुसली जाईल. केबल लावा, मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये जा, आणि २३, २६, ३०, २५, २२, २८ असे एकेक आकडे स्वतः टाका. ३० साठी टीव्ही डीव्हीबी-टी२ असला पाहिजे, २०१० च्या आधीच्यात तो मिळणारच नाही.

आणि उन्हाळ्यात हवेचा दाब चढून हवा स्तब्ध झाली की दूरचे ट्रान्समीटर येऊन जवळच्याला धडकतात. त्या दोन दिवसांत चित्र तुटलं तरी पुन्हा शोध चालवू नका, नीट असलेली यादी बिघडेल.

डेसिबल

२८ म्हणजे ५३० मेगाहर्ट्झ, आणि दोन्ही बाजूंचे २६ आणि ३० शंभर टक्के. ताकद सगळ्यांची सारखी असताना मधलाच एक नाचतो, याची दोन कारणं संभवतात. एक तर खोलीतल्या उलटलेल्या लहरींनी नेमका तिथे खड्डा पाडलाय. अँटेना १० सेंटिमीटर डावी-उजवीकडे आणि तितकीच काचेपासून आत सरकवा. खड्डा २८ वरून दुसरीकडे गेला तर कळेल. किंवा ५३० वर जवळपासचं काहीतरी आवाज करतंय. टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये थेट खोचलेली स्ट्रीमिंगची काडी आहे का?

हॅरोकर

आहे. टीव्हीच्या मागेच, अँटेनाच्या प्लगपासून चार बोटांवर.

डेसिबल

मग आधी अँटेनाला हात लावू नका. काडी उपसा, तिचा चार्जरही बोर्डातून काढा, आणि २८ ची पट्टी दोन मिनिटं बघा. १०० वर थांबली तर काडी अर्ध्या मीटरच्या एचडीएमआय एक्स्टेंशनवर टीव्हीपासून लांब लटकवा. नाचत राहिली तर तो खड्डा. मग ब्लू टॅक काढा आणि फुटपट्टी घ्या.